वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन झालंय, घरचे फक्त पेज आणि मुगाचं पाणी देतायत, हे बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६२ वर्षांचे, वजन ६० किलो, मोठ्या आतड्याचा तुकडा काढलाय, आज चौथा दिवस, सर्जन म्हणतात सॉफ्ट डाएट चालू करा आणि आत्या म्हणतात टाके सुकेपर्यंत पेज नि मुगाचं पाणीच, डाळ-भाताने टाके पिकतात. मी एका हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला डाएटिशियन आहे, या आत्या मला रोज भेटतात, कधी काकू म्हणून कधी सासूबाई म्हणून, आणि माया खरी असते त्यांची, पण इथे सर्जनचंच ऐका.

टाके पिकतात ते जंतूंमुळे. भात, डाळ, वांगं यांचा त्यात काही हात नाही. हात आहे तो वाढलेल्या शुगरचा, सिगरेट-तंबाखूचा आणि पेशंट उपाशी असण्याचा. ऑपरेशन झालं की जखम भरायला शरीराला प्रोटीन लागतं, बाहेरून नाही आलं तर ते स्वतःचे स्नायू मोडून वापरतं, म्हणून तर आठवड्याभरात माणसाच्या मांड्या बारीक होतात आणि कॉटवरून उठताना पाय लटपटतात.

हिशोब करा. अशा पेशंटला किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे बाबांना ७२ ते ९० ग्रॅम, आणि कॅलरी किलोमागे २५ ते ३०, म्हणजे १५०० ते १८००. पातळ पेजेच्या वाटीत प्रोटीन जेमतेम एक-दोन ग्रॅम, मुगाच्या वरच्या पाण्याचंही तेच, शहाळ्यात तर जवळपास नाहीच. चार वेळा दिलं तरी दहा ग्रॅमच्या पुढे जाणं अवघड. आणि "सलाईन चालू आहे ना, मग ताकद मिळतेय" हे तर डोक्यातून काढूनच टाका. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका पोळीएवढ्या पण कॅलरी नाहीत, आणि साध्या नॉर्मल सलाईनमध्ये शून्य, ते फक्त मीठ-पाणी.

पूर्वी डॉक्टरसुद्धा गॅस पास होईपर्यंत तोंडाने काही देत नव्हते, आत्यांच्या डोक्यात तेच बसलंय, त्यांचा तरी काय दोष. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेत यांनी आतड्याच्या पेशंटना लवकर खायला द्यायचं, लवकर चालवायचं असं सगळं एकत्र करून दाखवलं, आता बऱ्याच ठिकाणी पहिल्या २४ तासांतच घोट-घोट सुरू करतात. तुमच्या बाबांचा तर चौथा दिवस आहे.

मग द्यायचं काय? पेज बंद करू नका, त्यांना आवडते तर तीच घट्ट करा, त्यात दोन मोठे चमचे दुधाची पावडर घाला, चार-पाच ग्रॅम प्रोटीन तिथेच वाढलं. मुगाचं पाणी नको, मूग घोटून घट्ट वरण करा आणि गुरगुट्या भातावर तूप घालून द्या. दही, मऊ पनीर, उकडलेलं अंडं (एकात ६ ग्रॅम), खात असतील तर काटे काढून मऊ मासा. चिकन सूप देणारे नुसतं पाणी गाळून देतात आणि चिकन स्वतः खातात!! खरं प्रोटीन त्या चिकनमध्ये असतं, ते बारीक करून सूपमध्येच घाला. एका वेळी ताट भरून नाही जाणार, दोन-अडीच तासांनी चार-पाच घास असं सहा-सात वेळा. कच्ची कोशिंबीर, पालेभाजी, मक्याचे दाणे, सालं-बिया असलेली फळं सध्या नकोत, ती कधी सुरू करायची ते सर्जनला विचारा. प्रोटीन पावडरचा डबा जेवण कमी पडत असेल तरच, आणि शेजाऱ्यांनी आणलेला तर डाएटिशियनला दाखवून मगच.

एक विचारायचं होतं, ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यांत वजन उतरलं होतं का? हे सर्जनना नक्की सांगा. १९३६ मध्ये हायरम स्टडली नावाच्या अमेरिकन सर्जनने अल्सरच्या ऑपरेशनचे पेशंट तपासले, आधी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त घटलं होतं त्यांच्यात दर तीनातला एक दगावला होता, बाकीच्यांत शंभरात तीन-चार. काळ जुना आहे, तेव्हा आजच्यासारखी अँटिबायोटिक्स पण नव्हती, त्यामुळे आकड्याला घाबरू नका, पण आधीच खंगलेल्या पेशंटला पेजेवर ठेवणं जास्त धोक्याचं एवढं लक्षात घ्या. शिवाय बरेच दिवस अगदीच कमी खाल्लं असेल तर एकदम भरभरून पण द्यायचं नाही, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम हे क्षार झपकन खाली येतात आणि ते धोक्याचं असतं, तिथे हळूहळू वाढवतात आणि रक्त तपासत राहतात.

पोट टम्म फुगलं, उलट्या होतायत, ताप आला, पोटात दुखणं वाढलं तर खाणं थांबवा आणि लगेच सिस्टरला सांगा. आणि समजा खाणं जातच नाहीये, आठवडाभर निम्म्याच्या पण खाली आहे, तर नाकातून पोटात अन्न देणाऱ्या नळीचा विषय तुम्हीच काढा. नातेवाईक नळी म्हटलं की रडायला लागतात, पण आतडं चालत असेल तर शिरेतून देण्यापेक्षा नळी कधीही बरी.

बाबांना शुगर आहे का आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) किती आहे ते कमेंटमध्ये टाका, किडनीचा त्रास असेल तर वर दिलेला प्रोटीनचा आकडा तसाच वापरू नका, वॉर्डातल्या डाएटिशियनकडून ठरवून घ्या.