निफ्टी वर जातोय, पण माझे बहुतेक शेअर लाल. बाजार खरंच तेजीत आहे का? (बडोदा)

नुसत्या निफ्टीवर जाऊ नका. साडेतीनला बाजार बंद झाला की एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) किती शेअर चढले आणि किती पडले ते बघा. निफ्टीत 50च कंपन्या, त्यातही ज्या कंपनीच्या बाजारात खुल्या असलेल्या शेअरचं मूल्य जास्त, तिचं वजन जास्त. त्यामुळे एचडीएफसी बँक, रिलायन्स वधारले की बाकीची पडझड झाकली जाते. समजा निफ्टी 100 अंक वर, पण 900 शेअर चढले आणि 1,900 पडले, तर ती तेजी पोकळ. दांडिया बाजारातल्या आमच्या ब्रोकरकडे बसून मी हे आकडे रोज वहीत टिपतो. एका दिवसाचा आकडा फसवू शकतो, चढलेले वजा पडलेले अशी 10 दिवसांची बेरीज धरा. जोडीला किती शेअर आपल्या गेल्या 200 दिवसांच्या सरासरी भावाच्या वर आहेत तेही बघा. मात्र अशी विसंगती महिनोन्‌महिने टिकू शकते, तेवढ्यावरून विकायची घाई नको.