निवेदन परत लिहिण्याआधी

अगं, वॉर्ड ऑफिसला द्यायचं तुझं फूटपाथचं निवेदन वाचलं. कळकळ खरी आहे, पण पहिलंच वाक्य ‘अख्ख्या पुण्यात चालणं अशक्य झालंय’ आणि तिथेच समोरचा ऑफिसर कागद बाजूला ठेवणार, कारण अख्खं पुणं तू पाहिलेलं नाहीस हे त्यालाही कळतं. तू पाहिलायस तुमच्या शाळेसमोरचा एक रस्ता, रोज, शाळा सुटायच्या वेळेला, आणि त्या रस्त्याबद्दल तुझ्याइतकं त्या ऑफिसात कुणालाच माहीत नसेल. मग तेच लिही ना!

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला, म्हणजे शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाला, दिलेलं निवेदन एकदा वाच. सुरुवातीलाच सांगून टाकतात की माझा शिक्षणातला अनुभव मुख्यतः पुणं आणि आजूबाजूच्या खेड्यांपुरताच आहे. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढलेला माणूस, सगळ्या देशाच्या नावाने बोलला असता तरी कोण अडवणार होतं, पण नाही, आधी हद्द सांगितली, मिशनऱ्यांची मुलींची शाळा पुण्यात आधीच होती हेही स्वतःहून लिहिलं, मग आपण काय केलं ते, आणि मग सरकारला सुनावलं की पैसा रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणाचा फायदा वरच्या वर्गांना होतो. सहीखाली व्यापारी, शेतकरी, म्युनिसिपल कमिशनर (म्हणजे तेव्हाचा नगरपालिकेचा सभासद), पत्ता पुण्यातली जुना गंज पेठ. माझ्या मते हद्द आखून घेतली म्हणूनच तो आरोप एवढा जड झाला.

‘मुलं रोज पडतात’ असं लिहिलंयस, ते तू पाहिलंस की कुणी सांगितलं? ऐकीव असेल तर सांगणाऱ्या पालकांना विचार, सही देणार का. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये असताना पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून प्लेगच्या बंदोबस्तातल्या सैनिकांवर गंभीर आरोप करून बसले, नंतर पुराव्यासाठी कुणी पुढे येईना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. एवढ्या अभ्यासू माणसाची ही गत, म्हणून सांगते.

आणि हातगाडीवाल्यांचं नावच नाहीये तुझ्या कागदात. ते तिथे आहेत, ऑफिसर पहिला प्रश्न तोच विचारणार, आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रेत्यांचा सर्व्हे पूर्ण होऊन सगळ्यांना विक्रीची सर्टिफिकेटं मिळेपर्यंत त्यांना उठवता येत नाही. तू त्यांच्याशी आधी बोलून ये, त्यांचं म्हणणं निवेदनात घाल, तुझ्या मागणीच्या विरोधात जाणारं असलं तरी घाल.

मीटिंगमध्ये एखादी गोष्ट माहीत नसेल तर ठोकून देऊ नकोस. ‘माहीत नाही, शुक्रवारपर्यंत बघून सांगते’ म्हण, आणि शुक्रवारी खरंच फोन कर, हे फार महत्त्वाचंय, बहुतेक लोक इथेच घसरतात.

फोटो तारीख-वेळेसकट जोड. नवा ड्राफ्ट झाला की पाठव, रात्री वाचून कळवते.