चर्चच्या १०० वॅटच्या एफएम केंद्रासाठी कोणता ट्रान्समीटर घ्यावा?

प्रश्न: अमेरिकेतल्या आमच्या छोट्या मंडळीला लो पॉवर एफएमचा परवाना मंजूर झाला आहे. १०० वॅटचा कोणता ट्रान्समीटर घ्यावा?

उत्तर: १०० वॅटचा घेऊच नका. परवान्यातले १०० वॅट म्हणजे ईआरपी, अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती. एका बेची (म्हणजे एकाच घटकाची) सर्क्युलर अँटेना शक्ती आडव्या आणि उभ्या ध्रुवणांत वाटते, त्यामुळे आकडा निम्म्याच्याही थोडा खाली येतो. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत नेणारी जाड केबल, म्हणजे ३० मीटर अर्धा इंची हार्डलाइन, आणखी १३-१४ टक्के खाते. म्हणजे ट्रान्समीटरमधून २५० वॅट निघायला हवेत, तेव्हा ३०० चा घ्या. दोन बेची अँटेना लावलीत तर ११५-१२० वॅटांत भागतं, पण मास्टवर, म्हणजे अँटेनाच्या खांबावर, वाऱ्याचा भार वाढतो. यंत्र एफसीसी-प्रमाणितच हवं (एफसीसी म्हणजे अमेरिकेतली प्रसारण नियामक संस्था). ऑनलाइन मिळणारे स्वस्त एक्सायटर (छोटे एफएम ट्रान्समीटर) यात चालत नाहीत.

पण ट्रान्समीटरपासून सुरुवात करणंच मला पटत नाही. कमिटीत पैशांचा विषय निघाला की सगळ्यांना चकचकीत यंत्र आणि मोठा मिक्सर दिसतो. केबल, कनेक्टर आणि अर्थिंगवर काटकसर होते, आणि केंद्र बंद पडतं ते तिथेच.

माहितीतल्या एका केंद्राचं उदाहरण देतो. कोरड्या दिवशी रिफ्लेक्टेड पॉवर, म्हणजे अँटेनाकडून परत येणारी शक्ती, २ वॅट, पाऊस लागला की ३० च्या वर. ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला पॉवर खाली आणायचा आणि कडेच्या वस्तीत नुसती खरखर. यंत्र दोनदा दुरुस्तीला गेलं, दोन्ही वेळा ठणठणीत परतलं. दोष अँटेनाखालच्या कनेक्टरमध्ये होता. त्यावर साधी काळी टेप, तीही वरून खाली गुंडाळलेली, म्हणून प्रत्येक थराचं तोंड वर. पाणी आत उतरलं आणि तांबं हिरवं पडलं. खजिनदारांना तरीही नवा ट्रान्समीटरच हवा होता. तो आणला असता तर पुढच्या पावसात त्यानेही हेच केलं असतं.

केबलचा खराब तुकडा कापून नवा कनेक्टर बसवा. त्यावर आपोआप एकजीव होणारी रबर टेप ताणून गुंडाळा आणि वर व्हिनाइल टेप. तिचा शेवटचा थर खालून वर न्या, म्हणजे कौलांसारखं पाणी निथळतं. केबल इमारतीत शिरण्याआधी खाली झुकता वळसा द्या. ग्राउंडिंग किट तीन ठिकाणी: मास्टच्या माथ्याशी, पायथ्याशी आणि भिंतीबाहेर. शक्ती किती परत फिरते हे दाखवणारा आकडा म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर. तो १.५ म्हणजे ४ टक्के शक्ती परत येते. त्यापुढे गेला तर चढून बघा. पहिल्या दिवसाचे आकडे वहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार?

बाकीचं थोडक्यात. ईएएस डिकोडर, म्हणजे सरकारी आपत्कालीन इशारे पकडणारं यंत्र, सक्तीचा आहे. दर तासाला कॉल साइन (केंद्राचं अधिकृत सांकेतिक नाव) आणि गावाचं नाव सांगावं लागतं. उपासनेत गाण्यासाठी घेतलेला सीसीएलआय या संस्थेचा कॉपीराइट परवाना प्रसारणाला लागू होत नाही, त्यासाठी एस्कॅप, बीएमआय आणि सेसॅक या संगीत हक्क संस्थांचे परवाने वेगळे. केंद्राला पैशांची मदत करणाऱ्या दुकानाचं नाव प्रसारणात घ्या, पण भाव सांगू नका आणि ‘जरूर या’ म्हणू नका. सलग १२ महिने प्रसारण बंद राहिलं तर परवाना आपोआप संपतो.

वरचा हिशेब अँटेनाची उंची भोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून ३० मीटरपर्यंत असेल तरच खरा. चर्च टेकडीवर असेल तर परवान्यातच १०० पेक्षा कमी वॅट लिहिलेले असतील. तो आकडा धरून उलटा हिशेब करा, कदाचित बराच लहान ट्रान्समीटर पुरेल.