सशाच्या लिटर बॉक्समध्ये काय घालावे, म्हणजे घरात वास राहणार नाही?

तुमच्या प्रश्नावरून समजते ते असे: ठाण्यातील फ्लॅटमध्ये तुमच्याकडे आठ महिन्यांचा, साधारण दोन किलोचा नर ससा आहे, दुकानदाराने ट्रेसोबत मांजरांसाठीची, ओली झाली की गोळा होणारी वाळू दिली आहे, लघवी तो बहुतेक वेळा ट्रेमध्येच करतो, पण लेंड्या घरभर पडतात, आणि पावसाळा सुरू झाल्यापासून वास असह्य झाला आहे. बाकीच्या गोष्टी सावकाश करता येतील, परंतु ती वाळू मात्र आजच काढून टाका.

मांजर ट्रेमध्ये येते, काम उरकते आणि निघून जाते. ससा तेथे मुक्काम करतो. तो ट्रेमध्ये बसून गवत खातो, खाता खाताच लेंड्या टाकतो, कंटाळा आला की तळ उकरतो आणि सापडेल ते चावून पाहतो. शिवाय दिवसातून एकदा-दोनदा तो आपल्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या विशिष्ट लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो (हे त्याच्या पचनासाठी आवश्यकच असते), आणि त्यांतील एखादी खाली पडली तर तळाला जे असेल ते तिला चिकटून पोटात जाते. गोळा होणारी वाळू म्हणजे बेंटोनाइट माती. पाणी लागले की ती फुगते आणि घट्ट होते, आणि आतड्यातही ती तशीच वागते. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे गिळलेली वस्तू मागच्या वाटेनेच बाहेर पडावी लागते. म्हणून सशाच्या ट्रेमध्ये घालण्याच्या वस्तूला मी पहिली कसोटी लावतो ती शोषणाची नव्हे: त्यातले थोडे पोटात गेले तर चालेल का? या कसोटीवर बेंटोनाइट, सिलिका जेलचे खडे आणि मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचे दाणे बाद होतात. बुरकुंडाचे दाणे ओलाव्यात लवकर बुरसतात, हा त्यांचा आणखी एक दोष.

आता वासाकडे वळू. सशाच्या ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातील युरियाचे जिवाणू अमोनियात रूपांतर करतात तेव्हा तो डोळ्यांत झोंबणारा दर्प तयार होतो, आणि ओलावा व उष्णता असली की ही क्रिया वेगाने होते. ठाण्याच्या जुलैमध्ये दोन्हींची कमतरता नसते. सुगंधी पावडर, कापूर किंवा खाण्याचा सोडा ट्रेमध्ये टाकल्याने अमोनिया तयार होणे थांबत नाही, उलट सशाच्या तोंडात नको ते जाण्याचा धोका वाढतो. तुम्हाला पाच फुटांवरून जो वास येतो, तो सशाच्या नाकापासून काही बोटांवर असतो, आणि सतत अमोनिया हुंगणाऱ्या सशाच्या श्वसनमार्गाचे अस्तर दुखावून त्याला शिंका, नाक वाहणे आणि पुढे जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. म्हणजे करायचे ते एवढेच: लघवी पडताक्षणी खाली ओढली जावी, वरचा पृष्ठभाग कोरडा राहावा, आणि अमोनिया होण्याआधी ओला भाग घराबाहेर जावा. दोन किलोचा ससा दिवसाला साधारण 100 ते 300 मिली पाणी पितो, हिरवा पाला खाल्ला तर त्यातले पाणी वेगळे. तेव्हा शोषून घेण्याचे प्रमाण लहान नाही.

माझी पसंती लाकडाच्या पेलेटना आहे. हे म्हणजे वाळवलेला लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली दाबून केलेले बारीक कांड्यांसारखे तुकडे. दाबामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने लाकडातील लिग्निन हे नैसर्गिक बांधणारे द्रव्य मऊ होते आणि तेच भुशाला बांधून ठेवते, त्यामुळे चांगल्या पेलेटमध्ये वेगळा डिंक घालावा लागत नाही. विकत घेतल्यावर एक साधी परीक्षा करा. मूठभर पेलेट काचेच्या ग्लासात घालून वर कोमट पाणी ओता. काही मिनिटांत ते फुगून, फुटून, ग्लास ओल्या भुशाने भरून गेला पाहिजे आणि वास स्वच्छ लाकडाचा यायला हवा. तुकडे तसेच टणक राहिले, पाण्यावर तवंग आला किंवा रसायनाचा वास आला, तर ती पिशवी परत करा. ट्रेमध्येही हेच घडते: लघवी जेथे पडते तेथील पेलेटचा भुसा होतो, बाकीचे कोरडे राहतात, आणि काय उपसायचे ते डोळ्यांना दिसते.

पाइनच्या लाकडाविषयी तुम्ही उलटसुलट वाचले असेल. पाइन आणि देवदार यांच्या कच्च्या, सुवासिक ढलप्यांमधील बाष्पशील द्रव्यांचा यकृतावर परिणाम होतो, म्हणून त्या ढलप्या नकोत. पेलेट बनवताना मात्र लाकूड तापवून वाळवलेले असते आणि ती द्रव्ये बहुतांशी उडून गेलेली असतात. ऑनलाइन ‘पाइन कॅट लिटर’ म्हणून मिळतात ते असेच पेलेट असतात. फक्त त्यात सुगंध आणि गोळा होण्यासाठीचे द्रव्य नाही, एवढे पिशवीवर वाचून घ्या. स्वस्तात पडतात म्हणून कारखान्यांच्या बॉयलरसाठीचे बायोमास पेलेट आणण्याचा मोह होतो. ते मी घेत नाही. त्यांत शेंगदाण्याची टरफले, सोयाबीनचे काड, बगॅस (उसाची चिपाडे) असे जे हाती येईल ते मिसळलेले असते, आणि साठवणीत बुरशी लागलेला माल ओळखण्याचा काही मार्ग आपल्याकडे नसतो.

लाकडाचे पेलेट मिळत नसतील तर कागदाच्या लगद्यापासून केलेले पेलेट तितकेच चांगले, किंबहुना पायांना अधिक मऊ, पण महाग. साधे वर्तमानपत्र शोषते, परंतु ओलावा वरच राहतो आणि सशाचे पाय भिजतात; म्हणून घड्या घालून तळाला ठेवा, वर गवताचा जाड थर द्या आणि रोज बदला. गुळगुळीत रंगीत पुरवण्या त्यात नकोत, आणि ससा कागद हौसेने खात असेल तर हा मार्गच सोडा. वखारीतला मोकळा भुसा फुकट मिळतो, पण त्यात सागवान किंवा प्लायवूडची धूळ असण्याची शक्यता असते, आणि बारीक धूळ सशाच्या नाकाला अमोनियाइतकीच जाचक. कोंबड्यांच्या शेडमध्ये घालतात ते भाताचे तूस दिसायला योग्य वाटते, मात्र ते फारसे शोषत नाही आणि टोचते. कोकोपीट भरपूर शोषते, पण वाळले की उडते आणि ओले झाले की पांढऱ्या सशाचे पाय तपकिरी होतात.

ट्रे मोठा घ्या, कारण दुकानात ‘सशासाठी’ म्हणून मिळणाऱ्या कोपऱ्यातल्या तिकोनी ट्रेमध्ये ससा जेमतेम मागचे पाय ठेवतो आणि लघवी कडेवरून बाहेर जाते. ससा आत पूर्ण पसरून वळू शकला पाहिजे. बांधकामासाठी मिळणारे प्लॅस्टिकचे मोठे घमेले किंवा कडा थोड्या उंच असलेला चौकोनी टब उत्तम. एका बाजूची कड कापून, घासून गुळगुळीत केली की प्रवेश सोपा होतो. तळाला दोन-तीन सेंटिमीटर पेलेट घाला, त्याहून जास्त घातले तर केवळ वाया जातात. वर तारेची जाळी ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण मला तो पटत नाही: सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या नसतात, फक्त केस असतात, आणि जाळीवर बसून बसून टाचांना जखमा होतात. जाळीऐवजी पेलेटवर मूठ-दोन मुठी गवत पसरा, आणि खाण्याचे वाळलेले गवत ट्रेच्या एका टोकाला, बसल्या जागी तोंड पोहोचेल असे ठेवा. ट्रेची सवय लावण्याचे निम्मे काम हे गवतच करते, कारण खाणे आणि लेंड्या टाकणे या सशाच्या दृष्टीने एकत्रच चालणाऱ्या क्रिया आहेत.

आमच्याकडे दोन ससे एकच मोठा टब वापरतात आणि त्यांचा क्रम असा आहे: सकाळी ओला कोपरा खरवडून काढायचा व तेवढे नवे पेलेट घालायचे, आणि आठवड्यातून दोनदा, पावसाळ्यात एखाद वेळ अधिक, सगळा टब रिकामा करून धुवायचा. तुमच्या एका सशाला याहून कमी पुरेल. धुताना तळाला पांढरा, खरखरीत थर दिसेल आणि तो साबणाने हलणार नाही. तो कॅल्शियमचा क्षार आहे. इतर प्राणी आहारातील कॅल्शियमपैकी दोन टक्क्यांहूनही कमी लघवीतून टाकतात, ससा 45 ते 60 टक्के टाकतो. म्हणून त्याची लघवी मुळातच गढूळ असते. त्या थरावर पांढरे व्हिनेगर ओतले की बारीक फेस येतो, आणि अर्ध्या तासाने थर बोटाने निघतो. फिनाईल वापरू नका, त्याच्या उग्र वासाने ससा ट्रेच टाळू लागेल. ब्लीच तर लघवी असलेल्या भांड्यात कधीही ओतू नये, कारण अमोनियाशी संयोग होऊन विषारी वायू निर्माण होतो. थर फारच लवकर आणि जाड साचत असेल तर आहारात लसूणघास (अल्फाल्फा) जास्त आहे का पाहा. वाढत्या पिल्लांना तो चालतो, मोठ्या सशाला ओट किंवा टिमोथीसारखे गवत बरे.

घरभर पडणाऱ्या लेंड्यांचा बंदोबस्त कोणत्याही पेलेटने होणार नाही. आठ महिन्यांचा नर लेंड्या पेरून हद्द आखतो, आणि लवकरच उभ्या पृष्ठभागांवर लघवीची पिचकारीही मारू लागेल. नसबंदीनंतर काही आठवड्यांत हे बहुतांशी आटोक्यात येते. सशांच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेलाच पशुवैद्य शोधा. त्यांनी ‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा’ असे सांगितले तर दुसरा शोधावा, कारण उलटी होतच नसल्याने सशाला उपाशी ठेवण्याचे कारण नसते आणि रिकाम्या आतड्याचे काम मंदावणे त्याला घातक ठरते. तोपर्यंत बाहेर पडलेल्या लेंड्या गोळा करून ट्रेमध्येच टाकत जा, आणि तो वारंवार निवडत असलेल्या कोपऱ्यात दुसरा लहान ट्रे ठेवा. त्याला तुमची जागा पटवण्यापेक्षा तुम्ही त्याची मान्य करणे सोपे जाते.

पावसाळ्यात पेलेटची पिशवी उघडी राहिली तर हवेतील दमटपणाने पेलेट आपोआप फुगून भुगा होतात, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेवा. याच दिवसांत सशाची मागची बाजू रोज उलटून पाहा. तेथे लघवी किंवा मऊ लेंडी चिकटून राहिली तर माश्या अंडी घालतात, आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरू शकतात. अळी दिसली, किंवा दहा-बारा तास एकही लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या. लघवी नारिंगी-लालसर दिसली तर लगेच घाबरू नका, पाल्यातील रंगद्रव्यांनी तसे होते. लाल धागे किंवा गुठळ्या मात्र तपासून घ्याव्यात. तुमच्या सशाने इतके दिवस ती वाळू उकरली असणार, तेव्हा पुढील काही दिवस लेंड्यांचा आकार लहान होतो का, त्यांची संख्या घटते का, याकडे लक्ष द्या.

नवा थर घालताना जुन्या ट्रेमधील लघवी टिपलेला कागदाचा तुकडा आणि थोड्या लेंड्या वर ठेवा, म्हणजे जागा तीच आहे हे त्याला वासावरून कळेल. उपसलेले पेलेट आणि लेंड्या ओल्या कचऱ्यात जातात. सोसायटीत खताचा खड्डा असेल तर त्यात, आणि कोरड्या लेंड्या तर न कुजवता थेट कुंडीतही घालता येतात.