टाचणी काढण्याआधी

चि. बाये,

अनेक आशीर्वाद. सरांच्या घरची कागदपत्रांची खोकी तुझ्या ताब्यात आल्याचं कळलं, म्हणून लगेच लिहायला बसलो.

कागद लावण्याची घाई करू नकोस. विषयवार किंवा तारखेवार गठ्ठे करायचा मोह होईल. माझ्या हातून तेच घडलं. एका प्राध्यापकांची पत्रं मी तारखेवार लावली, दिसायला छान दिसली. पण त्यांनी प्रत्येक पत्राला आपल्या टिपणाची चिठ्ठी टाचून ठेवली होती. गंजलेल्या टाचण्या काढताना मी चिठ्ठ्या वेगळ्या केल्या. कुठली चिठ्ठी कुठल्या पत्राची, हे आजही सांगता येत नाही. ती रुखरुख अजून आहे. टाचणी काढच, गंज कागद खातो. मात्र आधी फोटो घे आणि जोडीच्या कागदांवर शिसपेन्सिलीने एकच क्रमांक घाल.

लखोटे तर मुळीच फेकू नकोस. तारीख नसलेलं पत्र गोव्यातून टाकलेलं असेल, तर तिकीट बघ. किंमत तांग्यांत, म्हणजे तिथल्या जुन्या नाण्यांत, असेल तर १९५०च्या दशकाच्या अखेरीआधीचं. एस्कुदो-सेंतावांत, म्हणजे नंतर आलेल्या पोर्तुगीज चलनात, असेल तर त्यानंतरचं. भारतीय तिकीट असेल तर १९ डिसेंबर १९६१च्या मुक्तीनंतरचं. एवढ्याने पत्र काळात बसतं.

सरांच्या हस्तलिखित नकला नुसत्या 'टिपणं' म्हणून बाजूला सारू नकोस. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या पुराभिलेखागारात बसून पोर्तुगीज कागद वाचले, छापले, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा भाग आपल्या हाती आला! मूळ दप्तरांतली लोखंडाचा अंश असलेली जुनी शाई कागद जाळत जाते, ओळी गळून पडतात. सरांनी चाळीस वर्षांपूर्वी उतरवलेली ओळ आज मूळ पानावर नसेलही. तेव्हा नकलेवर मूळ दप्तराचा क्रमांक आहे का, हे आधी बघ.

पाऊस सुरू व्हायच्या आत खोकी जमिनीवरून उचल, भिंतीपासून हातभर दूर ठेव. वाळवीला आमंत्रण नको. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नकोस. त्याचा डिंक पिवळा पडून अक्षरांत मुरतो.

घरगुती पत्रं आणि विद्यार्थ्यांविषयीचे शेरे वेगळ्या पाकिटात घाल. सरांच्या घरच्या बाईंना विचारल्याशिवाय ती यादीत नको. त्यांनी विश्वासाने दार उघडलंय.

चवथीला येशील तेव्हा पहिल्या खोक्याची यादी आण. मोडी अडली असेल तिथे आपण दोघं मिळून बसू.

तुझा,
काका