हायमास्टच्या उजेडातलं सोयाबीन हिरवंगार, पण शेंगाच नाहीत. बियाणं बोगस आहे का?

तुम्ही लिहिलंय की लातूरजवळ रस्त्याकडेच्या रानात सोयाबीन काढणीला आलं, पण हायमास्टजवळच्या ओळी अजून हिरव्याच आहेत आणि दुकानदार टॉनिक मारा म्हणतोय.

बियाणं बोगस असतं तर साऱ्या रानात तेच दिसलं असतं. तुमच्याकडं हिरवा पट्टा बरोबर दिव्याभोवती आहे. टॉनिकवर रुपयाही घालू नका.

सोयाबीनला लहान दिवसाचं पीक म्हणतात, पण ते खरं तर रात्र मोजतं. पानातल्या फायटोक्रोम या रंगद्रव्याला उजेड कळतो. दिवस मोठा असेतोवर ‘ई-1’ हे जनुक जोरात चालू असतं. त्याचं प्रथिन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहे, म्हणजे दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करणारं. ते ‘एफटी’ला, म्हणजे फुलं धरायचा निरोप देणाऱ्या जनुकाला, दाबून ठेवतं. रात्र लांबली की ई-1 थंडावतं, पानात एफटीचं प्रथिन तयार होतं आणि शेंड्याकडं जातं. तिथं बी-झिप कुटुंबातल्या ‘एफडी’ या प्रथिनाशी त्याची गाठ पडते, फूल घडवणारी मॅड्स कुटुंबातली जनुकं जागी होतात आणि कळी धरते. तुमच्या दिव्यानं रात्रच होऊ दिली नाही. मधरात्री थोडा वेळ उजेड पाडला तरी ई-1 पुन्हा एफटीला दाबतं, हे प्रयोगांत दिसलंय. वाणावाणात मात्र फरक पडतो.

भातात हा कारभार मुख्यतः कॉन्स्टन्स नावाच्या जनुकाच्या कुटुंबातलं ‘एचडी-1’ बघतं. ई-1 हे शेंगवर्गीयांचं खास. (1920 मध्ये गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दिवसाच्या लांबीचा हा नियम मांडला, तोही तंबाखू आणि सोयाबीनवरच. सोयाबीनचं बिलॉक्सी वाण मागेपुढे पेरलं, तरी फुलं जवळपास एकाच सुमाराला.)

खात्री करायची तर रात्री रानात जा. खांबाची, झाडाची किंवा फलकाची सावली जिथं पडते तिथली झाडं खूण करून ठेवा आणि सकाळी बघा. तिथं शेंगा भरलेल्या असतील, हातभर पलीकडं उजेडात नुसता पाला.

दिव्याला रानाच्या बाजूनं पत्र्याचं झाकण बसवून मागा, अर्ज लेखी द्या. तूरही लहान दिवसाची, तीही तिथं रखडेल. झाकण बसेपर्यंत त्या पट्ट्यात कपाशी किंवा टोमॅटो घ्या. यंदा हिरव्या ओळी वेगळ्या कापा. मळणीत ओला दाणा मिसळला की अडतीवर ओलावा 12 टक्क्यांच्या वर दाखवतात आणि सगळ्याच मालाचा भाव पाडतात.