बारा वर्षांच्या मुलाला 'हंगर गेम्स' द्यावं का? द्या, फक्त 'अवांतर' म्हणू नका

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्यात. मुलगा १२ वर्षांचा, सेमी इंग्रजीत आहे, वर्गातली मुलं 'हंगर गेम्स' वाचतायत म्हणून त्यानेही हट्ट धरलाय. तर पुस्तकं कोणत्या क्रमाने द्यायची, एवढी मारामारी या वयात चालेल का, आणि असल्या अवांतर वाचनाचा पुढे उपयोग काय.

क्रमाचं उरकून टाकते. छापली त्या क्रमाने द्या. 'द हंगर गेम्स' २००८, 'कॅचिंग फायर' २००९, 'मॉकिंगजे' २०१०. मग २०२० मधलं स्नोच्या, म्हणजे गोष्टीतल्या क्रूर राष्ट्राध्यक्षाच्या, तरुणपणाचं आणि शेवटी २०२५ मधलं हेमिचचं, म्हणजे नायिकेच्या गुरूचं. स्नोची गोष्ट ६४ वर्षं आधीची म्हणून ती पहिल्यांदा वाचा, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. म्हातारा स्नो काय चीज आहे ते आधी अंगावर आलं पाहिजे, नाहीतर तरुण स्नोबद्दल उगाच माया वाटत राहते. इंग्रजीचीही धास्ती नको. पहिल्या तिन्ही पुस्तकांतली गोष्ट वर्तमानकाळात, नायिका कॅटनिसच्याच तोंडून, आखूड वाक्यांत आहे. माझी भाचीही सेमीचीच. पहिली चाळीस पानं अडखळली, त्यानंतर जेवायला हाका माराव्या लागल्या.

आता 'अवांतर'.

हा शब्द आमच्या घरात माझ्या मोठ्या भावाचा. अकरावीचा निकाल लागला त्या मे महिन्यात मी मावशीकडे आठ दिवस राहून घरी आले. माझ्या खाटेखाली पत्र्याची पेटी असायची. त्यात 'किशोर'चे जुने अंक, नाशिकच्या मेनरोडच्या फुटपाथवर दहा-दहा रुपयांना घेतलेली इंग्रजी पुस्तकं, शाळेतल्या बाईंनी दिलेलं एक बिनकव्हरचं प्रवासवर्णन, असलं माझं सगळं धन. पेटी ओढली तर ओढवेना. उघडली तर गळ्यापर्यंत गहू, वर कडुनिंबाचा पाला. दादा दारात उभा. म्हणाला, "बारावी आहे. अवांतर बंद." रद्दीचे एकशे दहा रुपये आले होते, ते त्याने माझ्या हातावर ठेवले. पाच रुपयेसुद्धा स्वतःला ठेवले नाहीत. त्याचा स्वभाव असाच, म्हणून तर भांडायलाही धड जागा मिळत नाही.

त्याचीच मुलगी, घरी तिला चिमी म्हणतो, आठवीपासून शाळेसाठी सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे राहते. मी कॉलेज रोडच्या बाजूला राहते, त्यांची द्राक्षबाग दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या बरीच पुढे. पहिलं पुस्तक तिला मीच आणून दिलं. मुद्दाम दिलं का? हो, थोडं मुद्दामच.

मारामारीबद्दल सांगते. गोष्टीत सोडतीने निवडलेल्या मुलांना एका मैदानात सोडतात आणि एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावतात. पहिल्याच दिवशी त्या मैदानात ११ मुलं मरतात. चिमीने ते पान पोहे खात खात वाचलं. त्या मुलांशी आपली ओळखच झालेली नसते, त्यामुळे लागत नाही. ती अडकली वेगळ्याच ठिकाणी, चिठ्ठ्यांच्या हिशोबात. तुम्ही वाचलं नसेल तर सांगते, कारण पालक नेमकं हेच सोडून रक्ताबद्दल बोलतात. बाराव्या वर्षी सोडतीत तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते, दरवर्षी एक वाढते, जुन्या काढत नाहीत. घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची सोय आहे. एका चिठ्ठीमागे एका माणसाचं वर्षाचं जेमतेम धान्य आणि तेल. घरातल्या प्रत्येकासाठी एकेक घेता येते आणि त्याही साठत जातात. कॅटनिस १६ वर्षांची, घरात तिघी, म्हणजे तिच्या २० चिठ्ठ्या. तिचा मित्र गेल १८ वर्षांचा, घरात पाच जण, त्याच्या ४२.

चिमीने हा हिशोब स्वतः मांडून पाहिला, दादाच्या फवारणीच्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या कागदावर. तेरा वर्षांची, घरात पाच माणसं, बागेला गारपीट झाली असं धरलं, तर तिच्या १२ चिठ्ठ्या. मग खाली लिहिलं, "ज्यांना धान्य घ्यावं लागत नाही त्यांच्या २." त्याखाली दोन रेघा. गणितात तिला कधी रेघ मारावीशी वाटली नव्हती.

माझी आई शेजारीच बसली होती. सत्तरी उलटलेली, इंग्रजीचा एक शब्द येत नाही. चिमीने तिला गोष्ट सांगितली. दरवर्षी बारा जिल्ह्यांतून एकेक मुलगा, एकेक मुलगी राजधानीत, म्हणजे कॅपिटलमध्ये, पाठवायची, आणि धाकट्या बहिणीची चिठ्ठी निघाली म्हणून मोठी पुढे झाली. आई म्हणाली, "हा तर बकासुर. पाळी बामणाच्या घरची आणि गेला भीम." बरोबरच आहे. लेखिका सुझान कॉलिन्सने ग्रीक पुराणातल्या थिसियसची गोष्ट मनात धरली होती, अथेन्सने सात मुलगे आणि सात मुली मिनोटॉर राक्षसाच्या पुढ्यात धाडायच्या ती. आणि त्यावर कलम केलं टीव्हीचं: चॅनेल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो, दुसरीकडे इराकचं युद्ध. पण आईला ते सांगायची गरज पडली नाही. आपण चार वर्षांच्या पोराला बकासुर सांगत सांगत वरणभात भरवतो. गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस, दर पाळीला. तेव्हा वय विचारत नाही कोणी.

ज्या गोष्टीवरून घर फाटायची वेळ आली ती फेब्रुवारीतली, काढणीच्या दिवसांतली.

रविवारी मी आणि चिमी बागेवर गेलो. एक्सपोर्टचा माल निघत होता. सुरगाण्याकडची मजुरांची टोळी, बहुतेक बायकाच. शेडनेटखाली ओळीने बसून त्या घड साफ करत होत्या. घड देठाने धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, नाहीतर वरचा पांढुरका थर पुसला जातो आणि माल हाताळलेला दिसतो. छोट्या कात्रीने बारका, तडकलेला, डागी मणी टिपून काढायचा. एका बाईबरोबर तिची मुलगी आली होती, चिमीएवढीच असेल. खाली पडलेले मणी ती स्टीलच्या डब्यात वेचत होती. व्यापाऱ्याचा माणूस आला आणि त्याने तो डबा क्रेटमध्ये उलटा करायला लावला. शांतपणेच सांगितलं. इथे खायचं नाही, हात चिकट होतात, आणि लूज मणी बेदाण्याला जातात, त्याचेही पैसे धरलेत. यातलं काहीच खोटं नाही. पॅकिंगच्या जागी खाऊ नये हा नियम बाहेर माल पाठवणाऱ्या सगळ्यांनाच पाळावा लागतो. मुलीने डबा उलटा केला, आतून बोट फिरवलं आणि ते बोट चाटलं.

चिमीने हे पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पप्पा, हे डिस्ट्रिक्ट अकरासारखं आहे ना?"

दादाला काय कळणार! व्यापाऱ्याच्या माणसाने कुतूहलाने विचारलं, ते काय असतं ताई? मग तिने त्याला नीट समजावलं. अकरावा जिल्हा शेतीचा. रू तिथली, बारा वर्षांची, अंगाने हलकी म्हणून झाडांच्या शेंड्यांवर तिलाच चढवायचे. सगळ्या देशाची फळं त्यांनी तोडायची, पण खाल्लं तर चाबकाचे फटके, तेही सगळ्यांना उभं करून. बायका कात्र्या थांबवून ऐकत होत्या. एक जण हसली. दादाचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. तो काही बोलला नाही, क्रेट मोजायला निघून गेला.

रात्री फोन आला. "तू माझ्या पोरीच्या डोक्यात काय भरवतेस? मी काय फटके मारतो का कोणाला? रोज ठरलेली देतो, वरून दोन वेळचा चहा, येण्या-जाण्याची गाडी. माझा माल फवारणीच्या रेसिड्यूच्या तपासणीत फेल गेला तर मला कोण देतं?" मी म्हटलं, पुस्तकच तेवढं आहे दादा, अवांतर. एवढी वर्षं हे वाक्य तोंडात धरून बसले होते, ते एकदाचं बाहेर पडलं. पलीकडून थोडा वेळ नुसता पंपाचा आवाज. मग तो म्हणाला, "पेटीत गहू ठेवले ते तूच खाल्लेस ना?"

यावर उत्तर असेल तर मलाही सांगा.

त्याच आठवड्यात भांडी आवरताना चिमीने मला विचारलं, "आत्या, या फ्लॅटचे अर्धे पैसे बागेतून आले ना? मग आपण कॅपिटलमध्येच राहतो." मी कढई घासत राहिले. हिश्श्याचे पैसे मी घेतले होते, सही करून, हक्काने. पण तिला काय सांगणार! दुसऱ्या पुस्तकात कॅपिटलचे लोक मेजवानीत औषध पिऊन ओकतात, पुन्हा खाता यावं म्हणून. ते वाचल्यापासून गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्नाला नेलं की ही पोरगी चाटच्या काउंटरवर मुक्काम ठोकायची ती आता ताटात एक गुलाबजाम घेऊन एका जागी बसते आणि लोकांची ताटं बघते. थोडी आगाऊ झालीये हेही खरं.

तर उपयोग काय, असं विचारलंत. मार्क वाढणार नाहीत. चिमीचे समाजशास्त्रात उलट दोन कमी झाले. पुस्तकातल्या देशाचं पानेम हे नाव लॅटिनमधल्या 'भाकरी आणि खेळ' या जुन्या म्हणीतलं आहे, लोकांचं पोट भरा, तमाशा दाखवा, ते गप्प राहतात. हे तिला तिसऱ्या पुस्तकात कळलं, आणि त्यानंतर घरात क्रिकेटची मॅच लावायची चोरी झाली. याला तुम्ही उपयोग म्हणाल की उपद्रव, तुमचं तुम्ही ठरवा. पण मुलाने प्रश्न विचारले की त्यातला एखादा तुमच्यावरच येणार, एवढं धरून चाला. ते झेपणार नसेल तर रक्ताचं नाव पुढे करू नका. सरळ सांगा की मला झेपत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच लिहायला हवी होती. तिसरं पुस्तक जपून. वर मी मारामारी लागत नाही म्हणाले ते पहिल्या दोन पुस्तकांपुरतं, आणि तिथेही रूच्या गोष्टीपाशी चिमीने तीन दिवस पुस्तक पालथं ठेवलं होतं. मग अकराव्या जिल्ह्याच्या भुकेल्या लोकांनी कॅटनिसला पाव पाठवला ते वाचून रडली, आणि ते रडणं चांगलं होतं. 'मॉकिंगजे'चं तसं नाही. कॉलिन्सचे वडील व्हिएतनामच्या युद्धात होते आणि तिने युद्ध कुठेही गोड केलेलं नाही. मदतीला धावून आलेल्यांसाठी दुसरा बॉम्ब राखून ठेवायचा, ही युक्ती आपल्याच बाजूच्या, आपल्याला आवडणाऱ्या माणसाच्या डोक्यातून निघते. कोण मरतं ते सांगत नाही. चिमी दोन दिवस धड जेवली नाही, रात्री दिवा चालू ठेवून झोपली. मी तेव्हा ऑफिसच्या ऑडिटमध्ये होते, तिला एकटीलाच वाचू दिलं. ती माझी चूक. १२ व्या वर्षी पहिली दोन द्या, तिसऱ्याला वर्षभर थांबा, आणि तो वाचत असेल तेव्हा घरात असा. जमलं तर त्याच्या आधी स्वतः वाचा.

आणि दादाबद्दल मी एकतर्फी लिहिलंय. वडील गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, एस. वाय. अर्धवट सोडून बागेत उतरला. त्या मे महिन्यात गव्हाला दुसरी पेटी घ्यायला पैसे होते की नव्हते, मी आजवर विचारलेलं नाही. चिमीची तब्येत पाहून 'मॉकिंगजे' तो माझ्या घरातून घेऊन गेला, या खेपेला रद्दीवाल्याला न विचारता.

चिमी तुला हे दाखवेलच, म्हणून इथेच लिहिते. दादा, पुस्तक तुझ्या पिकअपच्या डॅशबोर्डवर औषधांच्या बिलांखाली आहे, मी पाहिलंय. ते माझं आहे, परत दे. आणि पेटीपण. गहू काढून.